होडीतले पाय

दोरी बुधवारी भर दुपारी तुटली. चित्र भिंतीवरून सरळ खाली आलं, खालच्या लाकडी पेटीवर आपटलं आणि काचेला डाव्या कोपऱ्यापासून मधल्या होडीपर्यंत तडा गेला. तुकडा मात्र एकही निसटला नाही. दादाने वाकून तडा पाहिला आणि म्हणाला, "तीस वर्षं लोकांच्या फ्रेमांच्या दोऱ्या बदलतोय. घरची तेवढी राहिली."

दिव्याखाली अंधार, असं आई म्हणणार होती. नवऱ्याचा, म्हणजे दादाचा, चेहरा बघून तिने ते गिळलं.

रविवारी दादाची नात मुंगी पाच वर्षांची होणार होती. घरातलं मूल पाचाचं झालं की चित्र भिंतीवरून उतरवायचं, मुलाचं बोट चित्रातल्या एकेका माणसावर ठेवायचं आणि पुराची गोष्ट सांगायची, हे काचवाल्या आजोबांपासून, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या दादाच्या आजोबांपासून, चालत आलेलं. गोष्ट सांगायची जिजीने, म्हणजे दादाच्या आत्याने. त्या होडीतून आलेल्यांपैकी आता ती एकटीच उरली होती.

होडीतून आल्याचा मान मोठा होता. पाण्याची टाकी कुठे बसवायची इथपासून दादाच्या थोरल्या मुलीने, ताईने, नोकरी सोडावी का इथपर्यंत कुठलाही वाद हाताबाहेर जायला लागला की जिजी समोरच्याला विचारायची, "तू होतास का होडीत?" तिथे वाद संपे. तिचा धाकटा भाऊ तात्या, म्हणजे दादाचे वडील, पंच्याहत्तर वर्षांचे झाले तरी या प्रश्नाला मान खाली घालत. ते पुरानंतर जन्मलेले.

गुरुवारी सकाळी भिंगरीने रजा टाकली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, लोकरी कापड घातलेल्या मोठ्या टेबलावर चित्र पालथं घातलं. भिंगरी म्हणजे दादाची धाकटी. रसायनशास्त्र शिकली आणि दीड वर्षापूर्वी जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. दादाला मुलीसुद्धा दादाच म्हणत.

"पाठ उघडायची नाही म्हणून आजोबांची ताकीद होती," दादा म्हणाला. "या चित्राला त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिला नाही."

"मग तडा पुढून बुजवू? तिथे नुसती काच आहे."

हे दादाला समजावायची गरज नव्हती, धंदा त्याचाच होता. काचेच्या पाठीमागून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा. साध्या चित्रात डोळा शेवटी काढतात, इथे सगळ्यात आधी. मग चेहरा, मग केस, मग मागचं पाणी आणि शेवटी आभाळ. एकदा आभाळ लागलं की डोळ्यात बदल नाही. करायचाच तर पाठीमागून आभाळ, पाणी, केस, चेहरा असं पात्याने खरवडत डोळ्यापर्यंत जावं लागतं. शिवाय डावं-उजवं. कच्चा आराखडा आधी उलटून घ्यावा लागतो, नाहीतर पुढून सगळं उलट दिसतं. दुकानात नवीन येणारा प्रत्येकजण एकदा तरी अशी पाटी रंगवून बसतो. 'आधी उलट, मग हात लाव' हे वाक्य या दुकानात तीन पिढ्या ओरडून सांगितलं जात होतं.

चित्राच्या पाठीवर वर्तमानपत्र खळीने चिकटवलेलं होतं. ओल्या कापसाने ते सोडवायला भिंगरीला पावणेदोन तास लागले. खोलीच्या पायरीवर मुंगी बसली होती. ती भिंगरीच्या मोठ्या बहिणीची, ताईची मुलगी. तिची रविवारची तयारी चालू होती.

"वल्हं कसं वाजत होतं?" तिने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच ओरडली, "खर्र खर्र! खर्र खर्र!"

भिंगरी हसली. पाच वर्षांची असताना तिने जिजीला मध्येच अडवलं होतं : पाण्यात वल्हं असं कसं वाजेल? त्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं गेलं होतं, तू होतीस का होडीत?

"दादा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "पूर कधी आला?"

"जिजी तीन वर्षांची होती तेव्हा."

"हे कशावरून?"

"जिजी सांगते त्यावरून. लहान होतीस तेव्हाही अशीच होतीस तू. मुंगीसारखं 'खर्र खर्र' करायचं सोडून..."

"हे वाच."

पहिल्या पानावर बातमी होती : पाणी तेराव्या दिवशी पात्रात परतलं. खाली पुलावरून काढलेला फोटो, बुडालेली घरं, गिरणीचं धुराडं. वर तारीख. दादाने चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळ्यांवर घेतला आणि बोटांवर हिशेब केला. तारीख जिजीच्या जन्माच्या चार वर्षं दोन महिने आधीची होती.

"जुनी रद्दी लावली असेल."

"रद्दी जुनी असू शकते. पण पुराची बातमी पुराच्या आधी छापत नाहीत."

"दुसरा पूर असेल."

"धुराडं तेच आहे. बघ ना, वरचं कडं तुटलेलं. चित्रातही तसंच."

भिंगरीने दादाच्या हातात भिंग दिलं आणि होडीच्या मागच्या टोकाला, जिथे कंदील धरलेली मुलगी उभी होती, तिथे बोट दाखवलं. तिथला कागद तळहाताएवढा कापून काढलेला होता आणि त्या जागी दुसऱ्या वर्तमानपत्राचा तुकडा लावला होता. त्या तुकड्यावरची तारीख साडेआठ वर्षांनंतरची. जिजी तेव्हा चार वर्षं चार महिन्यांची. तुकड्याखाली रंगाच्या कडेला पात्याचे बारीक ओरखडे होते, आणि ओरखड्यांच्या खाचांत लाल रंग अडकला होता.

"मुलीचा फ्रॉक निळा आहे," दादा म्हणाला.

"हा निळा आहे. आधीचा लाल होता. कोणीतरी होतं इथे. तिला खरवडून जिजीला काढलंय. डोक्यापासून फ्रॉकच्या घेरापर्यंत." भिंगरीने भिंग खाली सरकवलं. "पाय मात्र जुनेच आहेत."

दादा स्टुलावर बसला. जिजीचे चित्रातले पाय हा घरातला सगळ्यात जुना विनोद होता. एवढीशी पोर आणि पाय हे एवढे. 'होडी बुडाली असती तर जिजीच्या पायांवर बसून आले असते सगळे,' असं ताई म्हणायची आणि जिजी सगळ्यांत मोठ्याने हसायची. खऱ्या जिजीला अजूनही लहान मुलांच्या दुकानातली चप्पल लागत असे.

दारात तात्या उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी टेबलावरचे दोन कागद पाहिले.

"मुंगीला बाहेर पाठवा," ते म्हणाले. "आणि सूनबाईला आणि ताईला स्वयंपाकघरात बोलवा. एकदाच सांगेन."

*

तात्यांना वाटलं होतं की सांगताना आवाज कापेल. कापला नाही. इतकी वर्षं जपलेली गोष्ट चार मिनिटांत संपली, याचंच त्यांना वाईट वाटलं.

गोष्ट अशी होती. होडीत मुलं दोनच होती, थोरला भाऊ आणि त्याच्याहून मोठी एक बहीण. बहीण नऊ वर्षांची. रात्रभर तिनेच कंदील धरला. सगळे सुखरूप पोचले. पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं, तिथे चाळिसाव्या दिवशी ती तापाने गेली. तिच्यासाठी म्हणून बापाने चित्र काढलं. पुढे जिजी झाली. चार वर्षांची असताना एकदा ती चित्रासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, मी कुठे आहे? नाहीस, असं सांगितल्यावर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बापाने चित्र उतरवलं.

"आजीने काही म्हटलं नाही?" आईने विचारलं.

"विचारलं तिने. तर बाबा म्हणाले, जिवंत पोराला जागा लागते. मेलेलं मूल जागा मागत नाही." तात्यांनी पेला उचलला, रिकामा पाहून परत ठेवला. "त्यानंतर आईने त्या चित्रावरची धूळ कधी पुसली नाही. ती बाबाच पुसायचे. थोरल्याला दटावलं, ही होती म्हणजे होती. तो दहाएक वर्षं घुसमटला आणि मग त्यालाही तसंच आठवायला लागलं म्हणे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला सांगितलं. चार वर्षं झाली."

"आणि तुम्ही चार वर्षं गप्प?" दादाचा आवाज चढला.

"मग काय गावभर बोंब मारू? मला काही जड गेलं नाही."

"जड गेलं नाही म्हणून जिजी गोष्ट सांगायला लागली की तुम्ही उठून जाता होय?" आई शांतपणे म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो."

ताई दाराला टेकून उभी होती. "हे बघा, रविवारपर्यंत तोंडं बंद. माझी पोर महिनाभर 'खर्र खर्र' करत घर डोक्यावर घेतेय. जिजीला आता दूध पचत नाही, हे काय पचणार? चिकटवा ते कागद परत."

"मी चिकटवू?" भिंगरी म्हणाली.

"तूच सोडवलेस ना?"

"ताई, उद्या कोणी मला विचारलं..."

"कोणी विचारणार नाही! ऐंशी वर्षं कोणी विचारलं नाही. तुझं एक असतं बाई, खपली दिसली की काढायची."

"ताईचं बरोबर आहे," दादा म्हणाला. त्याने तात्यांकडे पाहिलं नाही. मघाशी बापावर चढवलेला आवाज आता मुलीवर उतरला. "तडा बुजव, कागद लाव, विषय संपला."

"मलाही तसंच वाटतं," आई म्हणाली. "या वयात माणसाच्या पायाखालची फळी काढू नये."

चार विरुद्ध एक. तात्यांना हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

तेवढ्यात जिना वाजला. जिजी एकेक पायरी मोजत खाली येत असे, आणि शेवटच्या पायरीवर नेहमी थांबत असे. आजही थांबली.

"या घरात सगळे एकदम गप्प बसले," ती म्हणाली, "की एक तर कोणीतरी मेलेलं असतं नाहीतर माझ्याबद्दल बोलणं चाललेलं असतं. मेलंय कोण?"

मेलंय कोण, या प्रश्नाचं खरं उत्तर समोर असताना भिंगरीला गप्प बसता आलं नाही. ताईने डोळे वटारले तरी तिने सांगितलं. तारीख सांगितली, तुकडा सांगितला, ओरखडे सांगितले. नऊ वर्षांच्या मुलीचं मात्र तात्यांना सांगावं लागलं.

जिजीने सगळं उभ्यानेच ऐकलं.

"काय गं, चार बुकं शिकलीस आणि मला होडीतून उतरवायला निघालीस?" ती म्हणाली. "मी होते. कंदिलाची कडी गरम होती, ती अजून हाताला लागते. थोरल्याची टोपी ओली होती. जाताना गिरणीचं धुराडं उजव्या अंगाला होतं, वरचं कडं तुटलेलं. न बघता सांगतेय का मी हे?"

भिंगरी आत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आली. फोटो पुलावरून, पाणी आणि त्याबरोबर होडी गेली त्या दिशेने काढलेला. धुराडं डाव्या काठावर होतं.

"फोटो उलटा छापलाय," जिजी म्हणाली.

"कोपऱ्यात दुकानाची पाटी आहे बघ. सरळ वाचता येते."

जिजीने कागद खिडकीपाशी नेला. चाळीस वर्षं तिने याच दुकानात काचेवर अक्षरं रंगवली होती, उलटी, मागून. डाव्या-उजव्याची चूक तिच्याइतकी लवकर कोणाला दिसत नसे. शहरातल्या दुसऱ्या रंगाऱ्यांच्या चुका ती रस्त्यातून चालताना दाखवायची. ती पाटीकडे बघत राहिली. मग फोटोतल्या धुराड्याकडे. मग भिंतीवर चित्र असायचं त्या मोकळ्या जागेकडे.

"बाबांनी आराखडा उलटला नाही," ती म्हणाली. "सगळं चित्रच उलटं आहे."

"हो."

"आणि मला ते उजवीकडेच आठवतं."

भिंगरीला हे स्वतः बोलायचं होतं, सकाळपासून तिच्या डोक्यात वाक्य तयार होतं : नकलेत मूळची चूक उतरली की नक्कल कशावरून केली ते कळतं. आता ते बोलावंसं वाटेना.

जिजीने कागदाची घडी घातली. "रविवारी गोष्ट तात्याला सांगू द्या," ती म्हणाली. "नाहीतरी होडीत दोघंही नव्हतो. त्याचा आवाज मोठा आहे."

आणि तिने जिना चढायला घेतला.

"झालं समाधान?" ताई भिंगरीला म्हणाली.

*

शुक्रवारभर जिजी खाली आली नाही. पलंगावर बसून तिने एक काम केलं. आठवणी एकेक करून काढल्या आणि चित्राशी ताडून पाहिल्या. चित्र समोर असण्याची गरज नव्हती.

कंदील : चित्रात आहे. टोपी : आहे, टोकाशी गडद, म्हणजे ओली. आईने पोटाशी धरलेलं गाठोडं : आहे. बाबांच्या कोपरावरचा फाटका शर्ट : आहे. कडी गरम असणं चित्रात दिसत नाही, पण कंदील म्हटला की कडी गरम असणारच, तेवढं कोणीही घालेल. तिने तीही आठवण खोडली. तिला नवल वाटलं ते एवढंच की खोडली तरी हाताला चटका लागायचा राहिना.

संध्याकाळी आई चहा घेऊन आली. कप ठेवून परत जायचं सोडून ती खुर्चीवर बसली.

"काल मी त्यांच्या बाजूने बोलले," ती म्हणाली. "रात्री विचार केला. तुम्हाला न सांगता तुमच्याबद्दल ठरवणारे आम्ही कोण?"

"होडीत नव्हतात तुम्ही," जिजी म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

"खरं सांगू? मलाही ती होडी आठवते. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत. आता नदीचा पूल ओलांडताना माझे पाय गार पडतात. मी तर त्या गावात कधी गेलेही नाही."

"तुमचे गार पडतात ते माझ्यामुळे. माझे बाबांमुळे. बरोबर आहे." जिजीने चहा बशीत ओतला. "दोन गोष्टींचा मात्र पत्ता लागत नाही. वल्ह्याचा आवाज आणि फुलं."

"पाण्यात पडत होती ती लाल फुलं?"

"चित्रात झाड नाही. फूल नाही. लाल रंगच नाही कुठे. आणि आवाज तर चित्राला नसतोच. मग हे कुठून आणलं मी?"

"गोष्ट रंगवायला घातलं असेल."

"मी रंगारी आहे, गवई नाही," जिजी म्हणाली. "आवाज मला रचता येत नाही."

*

शनिवारी सकाळी भिंगरी तड्याच्या कडेची वाळलेली खळ काढत होती. तड्यात चिकटा भरून झाला होता. आता पाठ साफ करून कागद लावायचा होता. कुठला कागद, हे अजून ठरलं नव्हतं. दादा शेजारी एका गिऱ्हाईकाच्या आरशाला कड लावत होता. दोघं दोन दिवस एकमेकांशी फक्त 'पातं दे', 'कापूस दे' एवढंच बोलत होते.

"पाय का सोडले असतील?" अखेर दादाने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"पायांमागे होडीच्या फळीचा रंग दोन हातांचा आहे. खरवडला असता तर फळी गेली असती. कारागीर फुकटचं काम वाढवत नाही."

"फ्रॉकच्या घेरामागेही फळी आहे. दोनच हातांची. तिथली काढून परत रंगवलीय त्यांनी."

दादाने आरसा खाली ठेवला. "मग हात थांबला असेल," तो म्हणाला, आणि परत कड लावायला लागला.

मुंगी टेबलाखाली बसली होती. तिथे ती कालपासूनच राहायला गेली होती, उशी आणि बिस्किटांच्या डब्यासकट. भिंगरीने पातं काचेवर आडवं धरून ओढलं. वरून ऐकलं तर आवाज बारीक येत होता, चर्र, नखाने कागद फाडावा तसा. रोजचाच, दुकानात दिवसभर होणारा.

"जिजी!" टेबलाखालून मुंगी किंचाळली. "जिजी, लवकर ये! इथे होडी वाजतेय!"

"काय वाजतंय?" भिंगरीने पातं थांबवलं.

"थांबू नको ना! जिजी! खर्र खर्र वाजतंय!"

जिना वाजला. या वेळी पायऱ्या मोजल्या जात नव्हत्या. शेवटच्या पायरीवर जिजी थांबलीसुद्धा नाही. ती दारातून टेबलापर्यंत आली, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि खाली वाकायला लागली.

"जिजी, गुडघे!" दादा धावला.

"धर मला. उचलू नकोस, खाली सोड."

त्याने तिला खाली सोडलं. ती मुंगीच्या उशीवर बसली. मुंगीने तिला कान कुठे लावायचा ते दाखवलं, टेबलाच्या पायाला, वर जिथे तो फळीला जोडलेला होता तिथे.

"कर," जिजी खालून म्हणाली.

भिंगरीने पातं ओढलं.

"परत."

तिने परत ओढलं. खळीचे पापुद्रे काचेवरून सुटले, टेबलाच्या कडेवरून खाली गेले आणि जिजीच्या मांडीवर पडले. ते पिवळट होते. जिजीने एक बोटावर घेतला आणि उजेडात धरला.

"भिंगरे," ती म्हणाली. "तिचा फ्रॉक कुठल्या रंगाचा होता म्हणालीस?"

परवा भिंगरीने ओरखडे सांगितले होते. रंग सांगितला होता की नाही ते तिला आठवेना. तिने दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली : सांगितला नव्हता.

"मी नाही म्हणाले," भिंगरी म्हणाली.

"लाल?"

"लाल. खाचांमध्ये अजून आहे."

टेबलाखालून मुंगीचा आवाज आला. "जिजी, तू रडतेस की हसतेस?"

"बाबा रडत होते," जिजी म्हणाली. "मी इथे बसले होते. हेच टेबल. वर बाबा आणि वरून लाल लाल पडत होतं. मी गोळा करत होते. मूठभर झालं तेव्हा आईने हात उघडून झटकून टाकलं आणि मला उचलून नेलं." ती थांबली. "आईचा हात तेव्हा भिजलेला होता. मला वाटलं, पाण्यामुळे."

दादा आरशापाशी पाठ करून उभा होता. भिंगरी पातं हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या शास्त्रात अशा वेळी काय करतात ते शिकवलेलं नव्हतं. म्हणून तिला जे करता येत होतं ते तिने विचारलं.

"चित्राचं काय करू? खालचा लाल थोडा दिसता ठेवता येईल. किंवा तुझा फ्रॉक..."

"माझा फ्रॉक आहे तसा राहू दे. बाबांनी किती रडून रंगवलाय. पायांना हात लावू नकोस." टेबलाखालून हात बाहेर आला. "आणि कागद दोन्ही लाव. ज्याच्या मागे जो होता तिथेच. आता ओढा मला बाहेर, पाय मेले."

*

रविवारी दहा वाजता चित्र समोरच्या खोलीत खुर्चीवर उभं केलं. तडा दिसत होता, पण बघणाऱ्यालाच. तात्या लवकर येऊन भिंतीशी बसले होते. मध्येच उठून जायचं नाही, असं ठरवून आल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ताई भिंगरीशी अजून बोलत नव्हती, पण तिच्यासाठी जागा धरून बसली होती.

"गोष्ट तात्या सांगणार ना?" आईने विचारलं.

"माझा आवाज बसलाय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज खणखणीत होता.

जिजीने मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिचं बोट धरलं. बाबांवर ठेवलं. आईवर ठेवलं, गाठोड्यावर, थोरल्याच्या ओल्या टोपीवर. धुराड्यावर ठेवून म्हणाली, "हे दुसऱ्या काठाला होतं. माझे बाबा चुकले. चुकतं माणूस." मग बोट निळ्या फ्रॉकपाशी आलं.

"ही तू!" मुंगी म्हणाली.

"ही मी."

मुंगीने स्वतःच बोट खाली सरकवलं. विनोदाची जागा हीच होती, आणि आज तो कोणीच केला नाही.

"आणि हे तुझे मोठे पाय."

"नाहीत गं," जिजी म्हणाली. "हे माझ्या बहिणीचे. रात्रभर कंदील तिने धरला होता. मी नंतर आले. मला जागा हवी होती म्हणून तिची मला दिली. पाय राहिले तिचे."

मुंगीने पायांकडे पाहिलं, मग जिजीच्या चपलेकडे. तिला ते पटलेलं दिसलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली आणि तिने तो प्रश्न विचारला जो या घरात आजवर जिजीला कोणी विचारला नव्हता.

"मग तू होतीस का होडीत?"

"नव्हते," जिजी म्हणाली. "मी टेबलाखाली होते. पण तिथून सगळं ऐकू येत होतं. सांगू?"

"सांग," मुंगी म्हणाली आणि नीट सरसावून बसली.